ओठावरची लव आणि आईबापांचा विवेक

कन्नडहून पिशोरकडे जाताना पावसाळ्याच्या अखेरीस डोळे निवतात. अजिंठ्याच्या डोंगररांगा हिरव्या असतात, अंजना नदीला पाणी असते, शिवारात मका आणि कपाशी उभी असते, आणि अद्रकाच्या वाफ्यांत वाकून काम करणाऱ्या बाया दिसतात. गेल्या वर्षी अशाच दिवसांत आम्ही त्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांच्या भेटीला गेलो होतो. एका घरी प्रार्थना झाली, चहा झाला, आणि आम्ही उठणार तोच घरातल्या माउलीने आम्हाला थांबवले. आठवीत शिकणारी तिची 13 वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओढणीचे टोक तिने तोंडावर धरले होते. आम्हाला वाटले, दात दुखत असावा.

"फादर, हिला जरा समजावून सांगा," माउली म्हणाली. "बापाच्या दाढीच्या ब्लेडनं ओठ कापून घेतला हिनं."

हळूहळू सारी हकिकत बाहेर आली. मुलीच्या वरच्या ओठावर लव होती, सावळ्या चेहऱ्यावर जरा ठळक दिसणारी. वर्गातली काही मुले तिला 'मिशीवाली' म्हणू लागली होती. आठवडाभर तिने पोटदुखीचे निमित्त करून शाळा बुडवली. मग एका पहाटे घर झोपेत असताना तिने बापाच्या खणातले उघडे पाते घेतले, आणि पाणी नाही, साबण नाही, आरसा नाही अशा अवस्थेत ते कोरड्या ओठावरून ओढले.

आम्ही समजावून सांगितले. परमेश्वराने दिलेले रूप सुंदरच असते, बाह्य रूपापेक्षा अंतःकरण महत्त्वाचे, या वयात अभ्यासाकडे लक्ष द्यावे, असे आम्ही बोललो. पंचवीसएक वर्षे प्रवचने करणाऱ्या माणसाला असे बोलणे जड जात नाही. मुलीने सारे शांतपणे ऐकले. मग ओढणी तशीच धरून तिने विचारले, "मग फादर, तुम्ही रोज दाढी का करता?"

आईने तिला दटावले. आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु परतीच्या वाटेवर ते हसू आम्हाला बोचू लागले. सेमिनरीत असताना पहाटेच्या प्रार्थनेपूर्वी हनुवटी गुळगुळीत करून चॅपेलमध्ये जाण्याची जी सवय लागली, ती आजतागायत चालू आहे. परमेश्वराने दिलेले रूप आम्ही दररोज सकाळी साबण लावून खरवडून काढतो आणि त्यात आम्हाला कधी काही गैर वाटले नाही. मग त्या लेकराला आम्ही कोणत्या तोंडाने उपदेश केला?

ही हकिकत त्या मायलेकींच्या संमतीने येथे लिहीत आहोत. तिच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न मात्र एका घराचा नाही. वयात येणाऱ्या मुलीने अंगावरचे वा चेहऱ्यावरचे केस काढावेसे वाटतात असे म्हटले, तर आईबापांनी काय करावे? तिला अडवावे, की मदत करावी? आणि मदत करायची तर कोणत्या मार्गाने? विषय न्हाणीघरातला वाटेल. परंतु शरीर, लाज, स्वातंत्र्य आणि पालकांचा अधिकार हे चारही धागे त्यात गुंतलेले आहेत, आणि त्यांचा विचार करणे हे धर्मगुरूचे काम नाही असे कुणी म्हणणार नाही.

प्रथम मूळ प्रश्न घेऊ. शरीरावरचे केस काढणे यात स्वतःहून काही वाईट आहे काय? आपल्या समाजात तान्ह्या बाळाचे जावळ काढतात, पुरुष दाढी करतात, शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर केस काढून घेतात. यांपैकी कशालाही आपण परमेश्वराच्या निर्मितीचा अवमान मानत नाही. आमच्या धर्मपरंपरेतील विचारवंतांनीही या बाबतीत समंजस भूमिका घेतली आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्त्रियांच्या साजशृंगाराचा प्रश्न आपल्या महाग्रंथात स्वतंत्रपणे हाताळला. नसलेल्या सौंदर्याचा देखावा उभा करणे वेगळे आणि आजारपणासारख्या कारणाने आलेले व्यंग झाकणे वेगळे, असा भेद करून दुसऱ्या गोष्टीला त्यांनी मुभा दिली. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी 1609 साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात पोशाखावर एक प्रकरणच लिहिले आणि भाविक माणसाने नीटनेटके राहावे, परंतु भपका करू नये, असा सल्ला दिला. याच संतांच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैजापूर तालुक्यातील घोगरगावाभोवती काम सुरू केले, तेव्हा आमच्या मराठवाड्याशी त्यांचे नाते जुने आहे. पुढे 4 ऑक्टोबर 1958 रोजी पोप बारावे पायस यांनी इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे भाषण केले. निधनापूर्वी अवघे पाच दिवस त्यांनी हा विषय घेतला होता. शरीराचे सौंदर्य हे खरे मूल्य आहे, ते सर्वोच्च मूल्य मात्र नाही, आणि रूप बदलण्याच्या कृतीची योग्यायोग्यता तिच्यामागील हेतूवर व परिस्थितीवर ठरते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

तेव्हा केस काढणे ही कृती स्वतःहून निषिद्ध नाही. 'देवाने दिलेले रूप' हा युक्तिवाद आपण मुलींपुढेच करतो आणि मुलांपुढे करीत नाही, यावरूनच तो धर्मातून आलेला नसून सवयीतून आलेला आहे हे दिसते. आपली भाषा पाहा. मुलाच्या ओठावर लव दिसू लागली की 'मिसरूड फुटले' असे आपण कौतुकाने म्हणतो, काका-मामा त्याच्या पाठीवर थाप मारतात. तीच लव बहिणीच्या ओठावर दिसली की घरात कुजबुज सुरू होते. त्वचा तीच, केस तेच, वयही तेच. एकाला अभिमान आणि एकीला लाज, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

पण म्हणून मुलीने केस काढलेच पाहिजेत काय? येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रसंग आम्हाला मार्गदर्शक वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडील ब्राह्मण व काही अन्य उच्चवर्णीय घरांत पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन करीत. कित्येक विधवा तर कोवळ्या वयाच्या मुली असत. न्हावी बोलावला जाई आणि रडणाऱ्या मुलीच्या मस्तकावरून वस्तरा फिरे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी प्रेरित झालेले आणि मुंबईतील गिरणी कामगारांचे संघटन करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईत नाभिकांची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार त्या मंडळींनी केला. ज्यांची उपजीविकाच वस्तऱ्यावर होती त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

त्या नाभिकांनी दाढी-हजामतीचा धंदा सोडला नव्हता. वस्तऱ्यात पाप आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. जिच्या डोक्यावर तो फिरतो तिची त्याला संमती नाही, हे त्यांना सलले होते. नैतिकतेची मेख येथेच आहे. 'केस काढ' असे दरडावणे आणि 'केस काढायचे नाहीत' असे दरडावणे या दोन आज्ञा परस्परविरुद्ध दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच. दोन्हींत मुलीचे शरीर दुसऱ्या कुणाच्या तरी अब्रूचे निशाण होऊन बसते.

या दडपणाचे आजचे रूप 2024 साली साऱ्या देशाने पाहिले. उत्तर प्रदेशच्या दहावीच्या परीक्षेत एक मुलगी 600 पैकी 591 गुण मिळवून राज्यात पहिली आली. तिचे छायाचित्र सर्वत्र झळकले आणि हजारो अनोळखी माणसे तिच्या गुणांऐवजी तिच्या ओठावरच्या केसांविषयी बोलू लागली. थोडे गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, आपण एवढ्या नजरेत आलो नसतो, असे त्या मुलीला म्हणावेसे वाटले. ज्ञानाच्या बळावर पहिल्या आलेल्या लेकराला आपल्या यशाचा पश्चात्ताप व्हावा, याहून मोठा अन्याय कोणता? पुढे दाढीचे सामान विकणाऱ्या एका कंपनीने वृत्तपत्रात जाहिरात देऊन तिच्याविषयी सहानुभूती दाखवली आणि त्याच जाहिरातीत आपल्या मालाचेही नाव पुढे केले. त्यावरही टीका झाली. चेष्टा करणाऱ्यांनी तिचा चेहरा वापरला, आणि कळवळा दाखवणाऱ्यांनीही तो वापरलाच. पालकांनी यातून एक गोष्ट घ्यावी. मुलीला कमीपणा वाटावा यात पुष्कळांचा नफा गुंतलेला असतो.

हा कमीपणा आपण फार लवकर पेरतो. तान्ह्या मुलीला न्हाऊ घालताना 'लव जाईल' म्हणून पिठाच्या गोळीने तिचे अंग चोळणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या आज्यांची माया खरी आहे. परंतु ती लव बहुधा आपोआपच जाते, चोळण्याने नाजूक कातडी मात्र सोलवटते. आणि घरातल्या थोरल्या मुली ते पाहत असतात. अंगावरचे केस म्हणजे काढून टाकण्याची वस्तू, हा पहिला पाठ त्यांना तेथेच मिळतो.

आता शरीराविषयी थोडे स्पष्ट बोलू. संकोचाने झाकून ठेवलेल्या अज्ञानामुळेच त्या मुलीचा ओठ कापला होता. पुरुषी म्हणून ओळखली जाणारी संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोड्या प्रमाणात असतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि बीजकोश ती तयार करतात. वयात येताना त्यांचे प्रमाण वाढते आणि काखेत, जांघेत, हातापायांवर, काहींच्या ओठावरही केस दाट होतात. कुणाला किती केस येतील हे बरेचसे आनुवंशिक असते. आई-आत्यांच्या ओठावर लव असेल तर मुलीच्याही असेल. हा आजार नाही, अस्वच्छपणा नाही आणि शील-चारित्र्याशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही.

मात्र काही खुणा दिसल्या तर पार्लरची वाट न धरता डॉक्टरांकडे जावे. हनुवटी, छाती, पोट यांवर राठ, काळे केस झपाट्याने वाढू लागणे. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे लोटल्यावरही ती फार अनियमित असणे. त्याबरोबर खूप मुरुमे किंवा एकाएकी वाढलेले वजन. आवाज घोगरा होणे, अशा या खुणा आहेत. पीसीओएस या नावाने ओळखला जाणारा बीजकोशांशी संबंधित विकार हे त्यामागचे सर्रास आढळणारे कारण असते आणि त्यावर उपचार आहेत. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी 2014 पासून देशात राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालतो आणि महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाची केंद्रे आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात त्यांची चौकशी करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी, छत्रपती संभाजीनगरला, ज्याला आपण 'घाटी' म्हणतो त्या शासकीय रुग्णालयात त्वचारोगांचा विभाग आहे. या दवाखान्यात जाण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे आईने मुलीला आधी सांगावे आणि बापाने आईला.

अशा खुणा नसतील, आणि तरीही मुलीला केस काढायचे असतील, तर मार्ग कोणते? पहिला मार्ग काहीच न करण्याचा. तो नेहमी यादीत ठेवावा आणि सन्मानाने ठेवावा. दुसरा मार्ग म्हणजे लहान कात्रीने किंवा बॅटरीवर चालणाऱ्या ट्रिमरने लव बारीक करणे. यात त्वचेला इजा होण्याचा संभव सर्वांत कमी. तिसरा मार्ग रेझरचा. उघडे पाते कधीही वापरू नये. दांड्याचे सुरक्षित रेझर वापरावे, ते स्वतःचे असावे, बापाचे किंवा बहिणीचे नसावे, कारण रक्तातून पसरणारे काही आजार पात्याने पसरू शकतात. त्वचा कोमट पाण्याने ओली करून, साबण लावून, केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावे. 'एकदा ब्लेड लावले की केस दुप्पट जाड येतात' अशी समजूत घरोघरी आहे. अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 सालीच दाढीच्या केसांवर प्रयोग करून ती निराधार असल्याचे दाखवले. केसाचे नैसर्गिक टोक निमुळते असते. कापल्यावर ते बोथट होते आणि म्हणून बोटाला राठ लागते, इतकेच. केसाचे मूळ त्वचेखाली असते आणि पात्याची त्याला खबरही लागत नाही.

केस विरघळवणारी क्रीमे बाजारात मिळतात. त्यांतील रसायन केसाचे घटक द्रव्य मऊ करून तोडते. त्वचाही थोडीफार त्याच द्रव्याची बनलेली असल्याने ती भाजू शकते. म्हणून आधी हातावर टिकलीएवढी लावून एक दिवस थांबावे, दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ ठेवू नये, आणि चेहऱ्यासाठी म्हणून जे दिलेले नाही ते चेहऱ्याला लावू नये. पार्लरमध्ये दोऱ्याने केस काढतात, ज्याला थ्रेडिंग म्हणतात. त्यात केस मुळापासून निघतो, काही आठवडे दिसत नाही, परंतु दुखते. वॅक्सिंगचे तसेच, शिवाय मेण फार गरम असल्यास भाजते, केस उलटे त्वचेत वाढून पुटकुळ्या येतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर काळे डाग मागे राहू शकतात. मुरुमांवरची काही औषधे चालू असताना वॅक्सिंग केल्यास कातडीच सोलून निघण्याची भीती असते. हळद-बेसनाचे उटणे लावायला हरकत नाही, पण त्याने केस जातात ही आशा धरू नये.

उरला लेझरचा मार्ग. शहरात त्याच्या मोठमोठ्या जाहिराती लागलेल्या असतात आणि 'कायमचा उपाय' हे शब्द आईबापांना मोह घालतात. लेझरचा प्रकाश केसांतील काळ्या रंगद्रव्याने शोषला जातो आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. परंतु सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असते. म्हणून योग्य यंत्र आणि अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ नसेल तर भाजणे, डाग पडणे असे प्रकार घडतात. अनेक वेळा जावे लागते, पैसा लागतो, आणि केस कमी होतात, सगळे कायमचे नाहीसे होतातच असे नाही. त्यातच 13 व्या वर्षी संप्रेरकांची उलाढाल चालूच असते. आज काढलेल्या केसांच्या जागी उद्या नवे उगवायला शरीर मोकळे असते. वैद्यकीय कारण असेल आणि तज्ज्ञ सांगतील तर गोष्ट वेगळी. एरवी हा निर्णय मुलगी मोठी होईपर्यंत थांबवावा.

या साऱ्या मार्गांतून निवड करताना आईबापांच्या हाती एखादी कसोटी असावी, असे आम्हाला वाटते. आम्ही पुष्कळ विचार केला आणि एका साध्या कसोटीपाशी येऊन थांबलो. ज्या मार्गावरून मुलीला उद्या सहज परत फिरता येईल, तो मार्ग आज चांगला. वाढत्या वयातले शरीर बदलते, मनही बदलते. आज जी गोष्ट जीवनमरणाची वाटते ती दोन वर्षांनी आठवतही नाही. उलट कधी आज किरकोळ वाटणारी गोष्ट पुढे मनाला लागून राहते. म्हणून जे परत फिरवता येत नाही, ज्याने कर्ज होते, ज्याने डाग राहतो, ज्याची सवय सोडण्याची भीती वाटू लागते, ते टाळावे. विवेक या सद्गुणाला आमच्या परंपरेत अन्य सद्गुणांचा सारथी मानले आहे. चांगला हेतू असूनही रथ कोणत्या वाटेने न्यावा हे तोच ठरवतो.

या कसोटीला आणखी एक प्रश्न जोडावा लागेल. ही इच्छा कुणाची आहे? मुलीची, की आईची, की लग्नाच्या बाजाराचा आतापासूनच हिशेब मांडणाऱ्या नातेवाइकांची? काही आया मुलीने मागण्यापूर्वीच तिला पार्लरमध्ये नेऊन बसवतात. त्यांचा हेतू मुलीला चेष्टेपासून वाचवण्याचा असतो. परंतु जिला आपल्या ओठावर काही आहे हे ठाऊकच नव्हते, तिला त्या दिवशी प्रथम कळते की आपल्या चेहऱ्यात दोष आहे, आणि हे सांगणारी पहिली व्यक्ती आपली आई आहे. मुलीने विचारले तर नीट उत्तर द्यावे, तिने मदत मागितली तर मदत करावी, आणि तिने काहीच म्हटले नाही तर आपणही काही म्हणू नये. दुसऱ्या बाजूला, मुलगी रडत असताना 'अभ्यास कर' म्हणून तिला वाटेला लावणे हाही निर्दयपणाच, मग त्याला आपण कितीही धार्मिक शब्दांची झूल चढवली तरी. आम्ही त्या दिवशी नेमके हेच केले होते.

मध्ययुगीन युरोपात विल्गेफोर्टिस नावाच्या एका कुमारी संतेची भक्ती लोकप्रिय होती. आख्यायिका अशी की, इच्छेविरुद्ध ठरलेले लग्न टळावे म्हणून या राजकन्येने प्रार्थना केली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दाढी उगवली, आणि संतापलेल्या बापाने तिला क्रूसावर दिले. इतिहासकारांच्या मते अशी कुणी स्त्री झालीच नाही. इटलीतील लुका येथे पायघोळ झगा घातलेल्या ख्रिस्ताची एक प्राचीन क्रूसमूर्ती आहे. तिच्या प्रतिकृती पाहून ही स्त्री असावी असा लोकांचा समज झाला आणि त्यातून कथा जन्मली असावी. ख्रिस्तसभेने तिचा सण पाळणे केव्हाच सोडले आहे. त्या कथेतही दाढी ही कुरूपतेची खूण मानलेली आहे, हे आम्ही नाकारत नाही. तरीही प्रागच्या लोरेटो देवस्थानात तिची दाढी असलेली मूर्ती आजही उभी आहे, आणि कित्येक पिढ्यांच्या दुःखी बायकांनी अशा मूर्तींपुढे गुडघे टेकले. क्रूसावर दाढी असलेली स्त्री पाहून त्यांना हसू आले नाही. आपल्या मुलांना एका वर्गमैत्रिणीच्या ओठावरची लव पाहून हसू येते, ते त्यांना कुणी शिकवले?

हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारला. इतकी वर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलींना पोशाखाविषयी, मर्यादेविषयी सांगत आलो. मुलांना मात्र, कुणाच्या शरीरावर हसणे हे पाप आहे असे स्पष्ट शब्दांत आम्ही एकदाही सांगितले नव्हते. आम्ही ते क्षुल्लक मानले होते. ज्या चेष्टेने एका मुलीने आठवडाभर शाळा सोडली आणि पाते हाती घेतले, ती क्षुल्लक कशी? त्या मुलीने केस काढले वा ठेवले, तरी दोष तिचा नाही. या साऱ्या प्रकरणात पाप शोधायचेच असेल तर ते हसणाऱ्यांच्या बाकावर आणि ते ऐकून गप्प बसणाऱ्या आम्हा मोठ्यांच्या खुर्चीवर सापडेल. पुढच्या रविवारी आम्ही मुलांचा वर्ग वेगळा घेतला. आम्ही फार बोललो नाही. घरी बहीण असेल त्याने हात वर करावा, एवढेच सांगितले, आणि मग त्या पहाटेची गोष्ट नाव न घेता सांगितली. वर्गात नंतर कुणी हसले नाही. त्याचा परिणाम किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. ते पुन्हापुन्हा सांगत राहावे लागेल.

नाताळाच्या आधी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मायलेकींनी मिळून निवड केली होती. बाजारातून एक छोटी कात्री आणि मुलीसाठी वेगळे रेझर आणले होते. आईने तिला आरशासमोर बसवून एकदा शिकवले आणि नंतर तो विषय तिच्यावर सोडला. तिने काही आठवडे लव काढली. मग कापूस वेचणीच्या गडबडीत राहून गेले, आणि राहून गेले तरी काही बिघडले नाही असे तिला आढळले. शाळेत एकदोघे अजूनही बोलतात, असे ती म्हणाली. परीक्षेच्या आधी पुन्हा काढावी की नाही, ते तिने ठरवलेले नव्हते. बापाने दाढीचे पाते मात्र आता उंच फळीवर ठेवले आहे.

या वेळी आम्ही तिला उपदेश केला नाही. तिने मागे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेवढे दिले. "मी दाढी करतो ती सवयीने," आम्ही म्हणालो, "आणि उद्या केली नाही तरी मला कुणी हसणार नाही, म्हणून मला कधी विचार करावा लागला नाही. तुला करावा लागतो, हे बरोबर नाही." तिने मान डोलावली आणि चहाचा कप आमच्या हाती दिला. ओढणी खांद्यावर होती.

वाचक आईबापांना आमची विनंती इतकीच आहे. घरातल्या दाढीच्या खणाकडे आज एकदा पाहा, पाती उघडी असतील तर ती लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. मग मुलीला सवडीने सांगा की तिला जेव्हा काही विचारायचे असेल तेव्हा तिने विचारावे, आणि तिने विचारले तर तिच्यावर रागावू नका. आणि मुलगा असेल, तर त्याला त्याच दिवशी जवळ बसवून विचारा की वर्गात कुणाला कोणत्या नावाने हाक मारतात. उत्तर ऐकून घ्या. बोलायला सुरुवात तेथून करता येईल.